हेन्रीच्या मापाने मोजलेला क्वीन

मार्च 2024 मध्ये पिट्सबर्गच्या मित्राचा मेसेज आला. 'तुमचा क्वीन आम्ही घेतला. तीन वर्षं, 4 कोटी 10 लाख डॉलर. खरं सांग, कसा आहे?'

मी बॉल्टिमोरजवळ राहतो आणि तिथल्या रेव्हन्सचा चाहता आहे, तो पिट्सबर्गच्या स्टीलर्सचा. या दोन संघांचं हाडवैर आहे, त्यामुळे एरवी आम्ही एकमेकांना अमेरिकन फुटबॉलमधलं खरं काही सांगत नाही. पण प्रश्न प्रामाणिक होता. मी 'चांगला आहे' असं लिहिलं आणि पुसलं. मग 'शेजारी रोक्वान होता म्हणून चमकला' असं लिहिलं (रोक्वान स्मिथ, त्याचा मैदानावरचा जोडीदार), तेही पुसलं. शेवटी 'रात्री फोन करतो' एवढंच पाठवलं. चार वर्षं एका खेळाडूचा जवळपास प्रत्येक सामना बघितल्यावरही तो दर्जेदार स्टार्टर (सुरुवातीपासून मैदानात उतरणारा) आहे की नाही, हे मला एका ओळीत सांगता येईना. फोन दीड तास चालला. त्यात जे बोललो आणि पुढच्या मोसमाने त्यात जी भर घातली, ते इथे मांडतो आहे.

पॅट्रिक क्वीन हा इनसाइड लाइनबॅकर. ज्यांनी हा खेळ फारसा बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : बचावाची पहिली फळी म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोंचे पहिलवान, ते चेंडूसमोरच वाकून बसलेले असतात. त्यांच्या मागे चार-पाच यार्डांवर दोन माणसं उभी असतात, ते इनसाइड लाइनबॅकर. एकाला 'माइक' म्हणतात, दुसऱ्याला 'विल'. माइक हा मधला, समोरची मांडणी वाचून बाकीच्यांना जागा दाखवणारा. विल थोडा बाजूला, त्याला पळायला मोकळीक जास्त. बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो आणि आत छोटा स्पीकर. प्रशिक्षकाचा आवाज फक्त त्याच्या कानात येतो, तोही प्ले-क्लॉकवर पंधरा सेकंद उरले की बंद होतो. त्यापुढे तो आणि त्याचा घसा.

या दोघांना चेंडू हलल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की समोरचा पळणार आहे की पास टाकणार आहे. पळणार असेल तर पुढच्या फळीतली एक ठरावीक फट आपली, ती बुजवायची. पास असेल तर पाठ न दाखवता मागे सरकायचं आणि टाइट एंड (पास झेलणारा धिप्पाड गडी) नाहीतर रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) यांना सांभाळायचं. यातच खरी फसवणूक असते. क्वार्टरबॅक (पास टाकणारा) चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतो, चेंडू परत मागे खेचला जातो आणि त्याच्या डोक्यावरून जिथे तो सेकंदापूर्वी उभा होता तिथे जातो. वर्षानुवर्षं खेळलेली माणसंही याला बळी पडतात. विशीतल्या पोराकडून काय अपेक्षा करायची?

माप कुठून आलं

क्वीनची गोष्ट त्याच्यापासून नव्हे, डेरिक हेन्रीपासून सुरू करावी लागते.

11 जानेवारी 2020. रेव्हन्स त्या मोसमात 14 जिंकलेले, 2 हरलेले, लीगमधला सर्वोत्तम संघ, प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना घरच्या मैदानावर. समोर टेनेसी टायटन्स आणि त्यांचा रनिंग बॅक हेन्री. सहा फूट तीन इंच, एकशे दहा किलोंच्या वरचा, आणि असा माणूस इतक्या वेगाने पळू नये असं वाटायला लावणारा. त्या रात्री त्याने 30 वेळा चेंडू नेला आणि 195 यार्ड काढले, वर टचडाउनचा, म्हणजे गोलरेषेपार गुण मिळवून देणारा, एक पासही टाकला. रेव्हन्स 28-12 हरले. शहरावर सुतक पसरलं होतं.

पुढच्या तीन महिन्यांत संघाने दोन गोष्टी केल्या. पहिल्या फळीत कॅलेस कॅम्पबेल हा जुनाजाणता पहिलवान आणला. आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत) 28व्या क्रमांकावर क्वीनला घेतलं. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) पोरगा, वय 20, सहा फूट, 229 पौंड, चाळीस यार्ड 4.50 सेकंदांत. त्याच जानेवारीत क्लेमसनविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात बचावातला सर्वोत्तम खेळाडू. दिसायला सगळं झकास. पण महाविद्यालयात पूर्ण मोसम स्टार्टर म्हणून तो जेमतेम एकच खेळला होता. शाळेत रनिंग बॅकही खेळायचा. चेंडू दिसला की त्यामागे धावायची ओढ तिथूनच आली असावी, असा माझा कयास.

आणि त्या वर्षी करोना. नव्या खेळाडूंचे वर्ग व्हिडिओवर, सरावाचे सामने एकूण एक रद्द. ज्याला अर्ध्या सेकंदाचे निर्णय शिकायचे आहेत त्याला पहिला खरा सामना थेट लीगमध्ये. जागा कुठली, तर माइकची. म्हणजे बॉल्टिमोरमध्ये जिथे रे लुइस सतरा मोसम उभा राहिला ती. तरी हिरवा ठिपका मात्र त्याला दिला नव्हता, तो सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) चक क्लार्ककडे होता. ही बारीक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. संघाने क्वीनला स्टार्टर केलं होतं, पण संघ त्याच्या तोंडून बोलत नव्हता.

दोन खरी प्रगतिपुस्तकं

पहिल्या मोसमाचे आकडे : सगळे 16 सामने, 106 टॅकल (चेंडूवाल्याला खाली पाडणं), तीन सॅक (पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), एक इंटरसेप्शन (समोरच्याचा पास झेलणं), दोन फंबल (हातून सुटलेला चेंडू) पाडलेले आणि दोन उचललेले. ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीविरुद्ध मार्लन हम्फ्रीने चेंडू ठोसा मारून उडवला, क्वीनने उचलला आणि 53 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक जो बरो, म्हणजे नऊ महिन्यांपूर्वीपर्यंतचा त्याचाच एलएसयूचा सोबती. त्या आठवड्यात क्वीन त्यांच्या कॉन्फरन्सचा (लीगमधल्या निम्म्या संघांचा) सर्वोत्तम बचावपटू ठरला.

त्याच मोसमात प्रो फुटबॉल फोकस या संस्थेने, जी प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावाचे गुण देते, त्याला शंभरात 30 च्या आत बसवलं. लीगमधल्या नियमित खेळणाऱ्या लाइनबॅकरांत जवळजवळ तळाला.

एकाच मुलाची दोन प्रगतिपुस्तकं. एकात पहिला वर्ग, दुसऱ्यात नापास. आणि दोन्ही खोटी नाहीत!

टॅकलच्या आकड्याचं म्हणणं एवढंच की चेंडूवाला खाली पडला तेव्हा हा तिथे होता. कुठे पडला ते तो सांगत नाही. फटीत शिरून एका यार्डावर पाडला तरी एक टॅकल, ब्लॉकमध्ये अडकून, मग सुटून, मागून धावत जाऊन नवव्या यार्डावर पाडला तरी एकच. उलट ज्या संघाविरुद्ध समोरचे जास्त पळतात त्याच्या लाइनबॅकरला टॅकल जास्त मिळतात. शिवाय दोघांनी मिळून पाडलं तर कुणाच्या खात्यावर किती, हे मैदानावरच्या नोंद करणाऱ्याच्या नजरेवर. वेगवान पोराकडे शंभर टॅकल आपसूक जमतात. एका वर्षापूर्वी स्टीलर्सनी दहाव्या क्रमांकावर घेतलेल्या डेव्हिन बुशनेही पहिल्या मोसमात 109 केले होते. पुढे त्याचा गुडघा गेला, त्याचं पाचवं वर्ष संघाने घेतलं नाही आणि तो पिट्सबर्ग सोडून गेला. 106 आणि 109 या आकड्यांवरून कोण टिकणार ते कळत नव्हतं, आजही कळत नाही.

गुण देणाऱ्या संस्थेचीही अडचण आहे. गुण देणाऱ्याला त्या डावाचा हुकूम काय होता ते माहीत नसतं. चूक क्वीनची की शेजारच्याची, हे बाहेरून ओळखावं लागतं. तरीही 30 च्या आत ही काही नजरेची गफलत नव्हे. निसटलेल्या पकडी मलाही दिसत होत्या.

मी स्वतः काय करायचो ते सांगतो, त्यात काही मोठं शास्त्र नाही. गोलच्या मागून घेतलेला कॅमेरा लावायचा, ज्यात दोन्ही फळ्या आणि मधल्या फटी दिसतात. चेंडूकडे अजिबात बघायचं नाही. नजर 48 नंबरवर, तेव्हा त्याचा नंबर तो होता. चेंडू हलला की त्याची पहिली दोन पावलं बघायची आणि व्हिडिओ थांबवायचा. वहीत तीन रकाने : पाऊल बरोबर पडलं का, ब्लॉकरचा हात छातीवर यायच्या आत तो बाजूला झाला का, आणि शेवटी चेंडू कुठे थांबला. बायको म्हणायची, 'ह्याला मॅच बघणं म्हणायचं का?'

2020 च्या त्या वहीत दिसायचं ते असं. पहिलं पाऊल पुष्कळदा जागच्या जागी, विचारात पडलेलं. मग समोरचा गार्ड (पळणाऱ्याची वाट मोकळी करणारा पहिलवान) येऊन भिडतो, क्वीन त्याच्या खांद्यावरून चेंडू कुठे आहे ते बघतो, आणि त्या बघण्यातच अडकतो. मग वेगाच्या जोरावर सुटतो, तिरका धावतो, हात टाकतो. कधी पकड बसते, कधी हातात नुसता वारा. वेग त्याला वाचवत होता आणि वेगच त्याची चूक झाकत होता.

तोच लाइनबॅकर, तोच हेन्री

आता मूळ मापाकडे. 22 नोव्हेंबर 2020, बॉल्टिमोर, पुन्हा टायटन्स. हेन्रीचे 28 वेळा 133 यार्ड, आणि जादा वेळेत 29 यार्डांची धाव थेट टचडाउनला. रेव्हन्स 24-30 ने हरले. दुसऱ्या दिवशी सगळा राग क्वीनवर. हेन्रीला थांबवायला पहिल्या फेरीत घेतला, आणि हा असा?

मग 10 जानेवारी 2021, नॅशव्हिल, प्लेऑफ. तोच क्वीन, तोच हेन्री, मध्ये सात आठवडे. हेन्रीचे 18 वेळा फक्त 40 यार्ड. रेव्हन्स 20-13 ने जिंकले.

सात आठवड्यांत पोरगा इतका शिकला? नाही. नोव्हेंबरच्या सामन्यात कॅम्पबेल आणि ब्रँडन विल्यम्स, पुढच्या फळीतले दोन्ही डोंगर, दुखापतीने बाहेर होते. जानेवारीत दोघेही परत आले होते. विल्यम्ससारखा माणूस एकटा दोन ब्लॉकर अडवून धरतो, म्हणजे मागच्या लाइनबॅकरवर चालून यायला एक गार्ड कमी उरतो. छातीवर कुणी नसलं की क्वीनचं तेच उशिरा पडलेलं पाऊलही चालून जातं.

या दोन सामन्यांनी माझं मत जितकं बदललं तितकं कुठल्याही गुणपत्रिकेने बदललं नाही. नोव्हेंबरमध्ये मी त्याला निकालात काढला होता, जानेवारीत डोक्यावर घेतला. दोन्ही वेळा मी खरं म्हणजे ब्रँडन विल्यम्सला गुण देत होतो.

2021 बद्दल फार लिहीत नाही, तो मोसमच लिहिण्यासारखा नव्हता. संघाचे 8 विजय, 9 पराभव, दुखापतींची रीघ. शेजारचा एल. जे. फोर्ट मोसमाआधीच गुडघ्याने गेला. ऑक्टोबरपर्यंत संघाला कळून चुकलं की माइकची जागा क्वीनला पेलत नाही, आणि जॉश बाइन्स या अनुभवी गड्याला तिथे आणून क्वीनला विलला सरकवलं. तेव्हा ही पदावनती वाटली. मागे वळून बघता तीन वर्षांतला तो सगळ्यात शहाणा निर्णय. माइकला आधी वाचायचं असतं आणि मग पळायचं. विलला बऱ्याचदा उलट चालतं.

याच काळात त्याला शिकवणारेही बदलत होते. पहिल्या वर्षी लाइनबॅकरांचा प्रशिक्षक माइक मॅकडॉनल्ड, दुसऱ्या वर्षी रॉब रायन, तिसऱ्या वर्षी झॅक ऑर. ऑर स्वतः रेव्हन्सचा लाइनबॅकर, मानेच्या मणक्यातल्या जन्मजात दोषामुळे ऐन उमेदीत खेळ सोडावा लागलेला. 2022 मध्ये मॅकडॉनल्ड परत आला, या वेळी संपूर्ण बचावाचा कॉर्डिनेटर म्हणून. आधीचा विंक मार्टिनडेल सतत ब्लिट्झ पाठवायचा, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडायचा. ब्लिट्झला माणसं गेली की मागे उरलेल्याला एकेकट्याने माणूस सांभाळावा लागतो, आणि क्वीन तिथे उघडा पडायचा. मॅकडॉनल्डची रीत वेगळी. क्वीनला फळीच्या अगदी तोंडाशी उभा करायचा, आता घुसणार असं भासवायचं, आणि कधी खरंच घुसवायचं, कधी मागे सोडायचं. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा पेच आता समोरच्याला पडायचा.

शेजारी आला आणि गडी बदलला?

31 ऑक्टोबर 2022 ला रेव्हन्सनी शिकागोकडून रोक्वान स्मिथ घेतला. मोबदल्यात ड्राफ्टमधले दुसऱ्या आणि पाचव्या फेरीचे पिक (निवडीचे हक्क) आणि ए. जे. क्लाइन हा लाइनबॅकर. जानेवारीत त्याच्याशी पाच वर्षांचा 10 कोटी डॉलरचा करार केला. त्याच्याकडे माइक, पुढे त्याच्याकडेच हिरवा ठिपका. क्वीन विल.

लोक म्हणतात की रोक्वान आला आणि क्वीन सुधारला. अर्धं खरं. 2022 च्या पूर्ण मोसमात क्वीनचे 117 टॅकल, पाच सॅक, दोन इंटरसेप्शन. त्यातला एक इंटरसेप्शन ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पुन्हा जो बरोच्याच पासवर, म्हणजे रोक्वान यायच्या आधीचा. त्या आठवड्यांतल्या माझ्या वहीत पहिल्या पावलाच्या रकान्यात बरोबरच्या खुणा वाढलेल्या होत्या. रोक्वानने त्याला चांगलं केलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं काढून घेतलं, असं म्हणेन. दुसऱ्याला जागा दाखवायची नाही. आपली फट, आपला माणूस, बस्स.

मे 2023 मध्ये संघाला त्याच्या पाचव्या वर्षाचा निर्णय घ्यायचा होता. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा मूळ करार चार वर्षांचा, आणि पाचवं घ्यायचं की नाही हे तिसऱ्या मोसमानंतर सांगावं लागतं. घेतलं की ते पैसे पक्के. क्वीनसाठी तो आकडा साधारण 1 कोटी 27 लाख डॉलर होता. या आकड्यात एक मेख असते. तो ठरवताना सगळे लाइनबॅकर एका पोत्यात घालतात, क्वार्टरबॅकवर बाहेरून धावून जाणारे महागडे सॅकवालेसुद्धा. त्यामुळे आतल्या लाइनबॅकरचा भाव फुगतो. रेव्हन्सनी नाही म्हटलं. त्याच्या काही दिवस आधी तिसऱ्या फेरीत क्लेमसनचा ट्रेंटन सिम्पसन घेऊन ठेवला होता. निरोप स्पष्ट होता.

आणि त्यानंतर क्वीन आयुष्यातला सर्वोत्तम मोसम खेळला. 133 टॅकल, साडेतीन सॅक, 'प्रो बोल' या निवडक खेळाडूंच्या संघात निवड, आणि 'ऑल-प्रो' या लीगमधल्या सर्वोत्तमांच्या यादीत दुसऱ्या संघात. रेव्हन्सचा बचाव कमी गुण देण्यात, सॅकमध्ये आणि चेंडू हिसकावण्यात, तिन्हींत लीगमध्ये पहिला. हे तिन्ही एकाच मोसमात आधी कुणालाच जमलं नव्हतं. पुढे जस्टिन मादुबुइके आतल्या जागेवरून 13 सॅक काढतोय, मायकल पिअर्स मध्ये खडकासारखा, मागे काइल हॅमिल्टन, शेजारी रोक्वान. त्या ऑक्टोबरमध्ये लंडनला हेन्री पुन्हा भेटला. 12 वेळा 97 यार्ड, पण त्यातले 63 एकाच धावेत. उरलेल्या अकरा धावांत 34.

मग प्रश्न येतो, निर्णय चुकला का? मित्रानेही हाच विचारला. माझं उत्तर : नाही. निर्णय घेताना जे समोर होतं त्यावर तो तपासायचा. मे 2023 मध्ये समोर होते अडीच डळमळीत मोसम आणि अर्धा चांगला, आणि रोक्वानचे 10 कोटी आधीच गेलेले. एकाच घरात दोन आतल्या लाइनबॅकरांवर असा खर्च शहाणा माणूस करत नाही.

मग फोनवर तो म्हणाला, 'म्हणजे रोक्वानशेजारी कुणीही चमकला असता.' तेव्हा माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. 'मला नाही तसं वाटत' एवढंच म्हणालो, आणि ते मलाच पोकळ वाटलं.

उत्तर मिळालं पुढच्या मोसमात. 2024 ला क्वीनची रिकामी जागा सिम्पसनला दिली. तोच रोक्वान शेजारी, तीच विलची जागा. पोरगा गुणी, वेग क्वीनइतकाच. मोसमाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत त्याची जागा गेली होती. मोसमाच्या पहिल्या भागात रेव्हन्सच्या बचावातून पास चाळणीतून पाणी जावं तसे जात होते. कॉर्डिनेटरही बदललेला होता हे खरं, मॅकडॉनल्ड सिअ‍ॅटलला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला होता. तरी एवढं नक्की कळलं की रोक्वानची सावली सगळ्यांना पुरत नाही. 2023 मधलं काहीतरी क्वीनचं स्वतःचं होतं. हे कळायला त्याला गमवावं लागलं.

पिट्सबर्ग

आता दैवाची गंमत बघा. ज्या मार्चमध्ये क्वीन पिट्सबर्गला गेला त्याच मार्चमध्ये हेन्री बॉल्टिमोरला आला. ज्याला अडवायला क्वीनला घेतलं तो आता आमच्याकडे, आणि क्वीन समोर.

स्टीलर्सनी त्याला विल ठेवलं नाही. हिरवा ठिपका दिला, मधल्या जागेची जबाबदारी दिली, आणि शेजारी इलँडन रॉबर्ट्स आणि पेटन विल्सन हा नवखा आलटून पालटून. म्हणजे 2021 मध्ये बॉल्टिमोरने त्याच्या खांद्यावरून जी मधली जागा उतरवली होती तीच पुन्हा चढवली, वर हिरवा ठिपकाही, आणि सोबतीला कायमचा जोडीदार नाही. मित्राला मी मार्चमध्येच म्हटलं होतं, 'विलला ठेवा. बोलायला दुसरा कुणी बघा.' तो म्हणाला, 'चार कोटी दिल्यावर त्याने बोलायला नको?'

17 नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये स्टीलर्स 18-16 ने जिंकले. हेन्रीला 65 यार्डांवर रोखलं. क्वीनने टाइट एंड आयझाया लाइकलीच्या हातातून चेंडू अक्षरशः हिसकावून घेतला. काही महिन्यांपूर्वी दोघे एकाच लॉकररूममध्ये होते. त्या रात्री मित्राने फोन केला नाही, नुसते हसण्याचे सहा इमोजी पाठवले.

21 डिसेंबरला बॉल्टिमोरमध्ये हेन्रीचे 162, रेव्हन्स 34-17. मग प्लेऑफ, पुन्हा बॉल्टिमोर. हेन्रीचे 26 वेळा 186 यार्ड, त्यात 44 यार्डांचा टचडाउन. रेव्हन्स संघाचे मिळून पळून काढलेले 299 यार्ड. 28-14. तारीख 11 जानेवारी 2025. ज्या रात्री 195 यार्डांनी ही गोष्ट सुरू झाली तिला त्या दिवशी पाच वर्षं पूर्ण झाली होती, तेच मैदान, आणि पळणाराही तोच.

तो सामना मी गोलमागच्या कॅमेऱ्यातून दोनदा बघितला. क्वीनचा दोष त्यात आहे, पण एकट्याचा नाही. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन चेंडू हेन्रीच्या पोटाशी धरून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात लाइनबॅकरला दोन माणसांची भीती एकदम बाळगावी लागते. हेन्री मधून घुसेल की लमार कडेने निसटेल? या पेचात चांगल्या चांगल्यांचं पहिलं पाऊल जागच्या जागी पडतं. क्वीनचं पडत होतं. 2020 ची वही पुन्हा उघडल्यासारखं वाटलं, फक्त आता पोरगा पंचविशीत होता आणि दुसऱ्यांना ओरडून जागा दाखवत होता.

त्या मोसमात त्याचे टॅकल 129. आकडा बघून कुणी म्हणेल की उत्तम वर्ष.

तर माझा निकाल असा. पॅट्रिक क्वीन दर्जेदार स्टार्टर आहे, विल म्हणून, पुढे दोन ब्लॉकर अडवणारा माणूस असेल आणि शेजारी बोलणारा असेल तर. माइक म्हणून, हिरवा ठिपका लावून, तो चालून जाणारा स्टार्टर आहे, त्याहून जास्त नाही. पहिल्या दोन मोसमांत त्याला नापास करणारे जागा न बघता माणूस मोजत होते, आणि 2023 मध्ये त्याला ऑल-प्रो म्हणणारेही तेच करत होते. तिसऱ्या मोसमाच्या मध्यापर्यंत वहीतला पहिल्या पावलाचा रकाना सुधारला नसता तर मात्र मी त्याला हेही दिलं नसतं.

बारा तारखेला सकाळी मित्राचा मेसेज आला, नुसता आकडा : '186'. मी लिहिलं, 'शेजारी कोण होता?' बराच वेळ टाइप होताना दिसत राहिलं. मग आलं, 'पहिल्या डाउनला वेगळा, तिसऱ्याला वेगळा.' आणि खाली : 'तुझी ती वही पाठव.'